कागदावरचं नाव बदललं, त्याचा सगळा प्रवास (खान्देशातून)

हे लिहायला घेतलं कारण मी सुरुवात केली तेव्हा मराठीत काहीच सापडत नव्हतं. जे होतं ते इंग्रजीत, दिल्ली-बंगळुरूच्या लोकांचं. आपल्याकडे नोटरी काय विचारतो, ऑफिसमधले बाबू कशावर अडतात, घरच्यांना शेताच्या उताऱ्याची काळजी का लागते, हे कोणी लिहीत नाही. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झाली आणि मी मुलगा आहे. वय २७. गाव तापीकाठचं, जिल्हा मुद्दाम सांगत नाही, खान्देशातल्या तीनपैकी एक समजा, कारण गावाचं नाव घेतलं की चार लोकं लगेच ओळखतात. नोकरी जिनिंगमध्ये, हिशोबाचं काम. हे सगळं २०२३ आणि २०२४ चं आहे, नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी सरकारच्या ट्रान्सजेंडर पोर्टलवर सध्याचं काय आहे ते एकदा बघूनच घ्या.

आधी थोडं कायद्याचं, कारण ते माहीत नसलं की समोरचा जे सांगेल ते खरं वाटतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल १५ एप्रिल २०१४ चा, की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं. मग २०१९ चा कायदा आला, तो जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी त्याचे नियम. २०२३ मध्ये त्या नियमांप्रमाणे जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर आपल्याला ओळख प्रमाणपत्र द्यायचे. तेव्हा अर्जासोबत स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागायचं, मेडिकल नव्हतं, अंगाची तपासणी नव्हती, फी नव्हती. मी अर्ज केला तेव्हा हार्मोन सुरूसुद्धा केले नव्हते. प्रमाणपत्रावर लिंग 'ट्रान्सजेंडर' असं येतं. सरळ 'पुरुष' किंवा 'स्त्री' हवं असेल तर सर्जरी झाल्यावर हॉस्पिटलचा दाखला जोडून कलेक्टरकडेच दुसरा अर्ज करायचा, ते सुधारित प्रमाणपत्र. म्हणजे कागद दोन आहेत आणि दोन्हीत लोकं गोंधळ करतात, ऑफिसातले पण करतात.

मला हे सगळं समजावलं भुसावळकडच्या एका काकांनी. काका ट्रान्स नाहीत. ते क्रॉसड्रेसर आहेत, लग्न झालेलं, मुलं मोठी, नोकरी सरकारी, आणि आठ-पंधरा दिवसातून एकदा दार लावून साडी नेसतात, नीट पदर काढून, टिकली लावून, आणि त्या दोन तासात त्यांना जे बरं वाटतं ते त्यांना बाकी कशात मिळत नाही. ते स्वतःला बाई समजत नाहीत, काकाच म्हणा म्हणतात. ओळख ऑनलाइन झाली, मग आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा एकाच्या खोलीवर भेटायला लागलो. एक ताई आहेत, ट्रान्स स्त्री, शिवणकाम करतात. दोन कॉलेजची मुलं आहेत ज्यांना अजून स्वतःबद्दल काहीच ठरवता येत नाही आणि त्यांना कोणी ठरव म्हणत पण नाही. त्या भेटी नसत्या तर मी अर्जाचं पहिलं पान उघडून परत बंद केलं असतं हे मला पक्कं माहीत आहे.

घरी सांगणं हे अर्जाच्या आधीचं काम. कायद्याने गरज नाही, वय १८ च्या वर असलं की आईवडिलांची सही लागत नाही. पण माझं आधार गावच्या पत्त्याचं, काही टपाल आलं तर घरीच येणार, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये मी मायला सांगितलं. केस मी अकरावीपासून बारीकच ठेवतो, कपडे शर्ट-पँटच, तर तिला नवीन काही नव्हतं, पण कागदावर करायचं म्हटल्यावर ती घाबरली. लोके काय म्हनतीन, हे एकच. मी तिला भादलीची आठवण दिली. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील, तृतीयपंथी आहेत, ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेवर त्यांचा अर्ज बाद केला होता, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्या निवडून पण आल्या. हे मायने तेव्हा टीव्हीवर बघितलेलं होतं. गावातल्या लोकांनीच मतं दिली ना मग, एवढंच मी म्हणालो. ती त्या दिवशी हो म्हणाली नाही, पण नाही पण म्हणाली नाही.

आबांची अडचण वेगळीच निघाली. त्यांनी दोन दिवस काही बोलून दाखवलं नाही आणि मग विचारलं, सातबाऱ्याचं काय होईल? उद्या वारस लावताना तलाठी म्हणेल या नावाचं तुम्हाला लेकरूच नाही. मला हे आधी सुचलंच नव्हतं आणि प्रश्न एकदम बरोबर होता. मी एका वकिलाकडे जाऊन विचारून आलो (त्यांनी पैसे घेतले नाहीत). हिस्स्याला काही होत नाही, वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क २००५ पासून मुलाइतकाच आहे, त्यामुळे मुलगी लिहिलं काय, मुलगा लिहिलं काय, वाटा तोच. फक्त जुनं नाव आणि नवीन नाव एकाच माणसाचं हे दाखवणारा कागद जपून ठेवायचा, म्हणजे प्रमाणपत्र आणि गॅझेट (सरकारी राजपत्रात छापून आलेला नाव बदल). हे आबांना सांगितल्यावर ते मोकळे झाले. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी हे घरच्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाका. बऱ्याच वेळा घरच्यांचा विरोध वाटतो तो विरोध नसतो, अशा एखाद्या गोष्टीची धास्ती असते जी त्यांना बोलून दाखवता येत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये प्रतिज्ञापत्र केलं. नियमांच्या मागे त्याचा नमुना दिलेला आहे, तो जसाच्या तसा टाइप करून घ्यायचा, स्वतःच्या मनाने भर घालायची नाही. नमुन्यात दहा रुपयांचा स्टॅम्प पेपर म्हटलंय पण वेंडरकडे तेव्हा शंभरचाच मिळाला, तो चालला. नोटरीने २०० घेतले, टायपिंगचे ६०. नोटरींनी मजकूर वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला आणि विचारलं की कोर्टाची केस आहे का काही. मी म्हटलं नाही साहेब, ओळखीचा दाखला काढायचाय, कलेक्टर ऑफिसला लागतो. मग त्यांनी काही न बोलता शिक्का मारला. माझ्या अनुभवात जास्त खुलासे द्यायला गेलं की समोरच्याला अजून प्रश्न सुचतात. कशासाठी लागतो ते एका वाक्यात सांगायचं आणि थांबायचं.

पोर्टलवर अर्ज मी रात्री भरला, दिवसा ते फार हळू चालत होतं. मोबाईल आणि ईमेल टाकून खातं उघडायचं, मग जुनं नाव, जे हवं ते नवीन नाव, पत्ता, शिक्षण, फोटो, ओळखीचा पुरावा, प्रतिज्ञापत्र. त्या पत्त्यावर वर्षभर तरी राहत असलं पाहिजे, म्हणून कामानिमित्त शहरात खोली घेतलेल्यांनी आधारवर जिथला पत्ता आहे त्या जिल्ह्यातूनच अर्ज करावा, सोपं पडतं. फाईलचा साईझ कमी लागतो, मोबाईलवर काढलेला फोटो जात नाही, सायबरवाल्याकडे तीस-चाळीस रुपयात कमी करून देतात. नवीन नाव भरताना मात्र घाई करू नका. मी माझं नाव दोन वर्षं वापरून बघितलेलं होतं, ग्रुपमध्ये सगळे त्याच नावाने हाक मारायचे, जिनिंगमधले दोन मित्र पण. कागदावर घालण्याआधी नाव असं वापरून बघा, भाजीवाल्याला सांगा, पार्सलवर टाका, कोणी मागून हाक मारली तर आपण वळतो का ते बघा.

अर्ज गेला आणि पंधरा दिवसांनी त्रुटीत पडला. कारण काय तर आधारवर आमचं नाव आधी, मग वडिलांचं, मग आडनाव, आणि मी जोडलेल्या मार्कशीटवर आडनाव आधी. आपल्याकडे बोर्डाच्या सगळ्याच मार्कशीटवर आडनाव आधी असतं, तरी शेरा आला की नावात तफावत. मार्कशीट काढून टाकली, नुसतं आधार ठेवलं, अर्ज परत पाठवला. मागितलेलं नसेल तर जास्तीचा कागद जोडू नका, जितके कागद तितक्या त्रुटी.

मे महिना लागला आणि अर्ज तिथेच थांबलेला. नियमात ३० दिवस होते. काका म्हणाले प्रत्यक्ष जाऊन बघू. आता मे म्हणजे आपल्याकडे काय असतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, सकाळी नऊला डांबर मऊ व्हायला लागतं, पारा ४४-४५. आणि मी बाइंडर घालतो, छाती सपाट दिसायला, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडच्या मुलांना हे कोणीच सांगत नाही. बाइंडर आठ तासांच्या वर नको, उन्हाळ्यात तर त्याच्या निम्मा वेळ पण पुरे. झोपताना कधीच नको. क्रेप बँडेज, पॅकिंगची टेप, ओढणी आवळून बांधणं, हे अजिबात करू नका, बरगड्यांना इजा होते आणि श्वास पूर्ण भरत नाही. मी उन्हाळ्यात बाइंडरच्या जागी घट्ट स्पोर्ट्स ब्रा, वर बनियन आणि गडद चेक्सचा ढगळ कॉटन शर्ट घालतो, खिशात रुमाल आणि पेन ठेवलं की समोरून काही कळत नाही. एसटीत बसायच्या आधी आत कॉटनचा पातळ बनियन घालायचा, नाहीतर घामोळ्या येतात आणि त्या काखेखाली फुटल्या की आठवडाभर काही घालता येत नाही. ताईंनी एक सांगितलेलं, ते मी अजून करतो, ऑफिसच्या कामाला जाताना पिशवीत एक सुटा शर्ट ठेवायचा, श्वास लागायला लागला की कुठल्याही बाथरूममध्ये जाऊन आतलं काढून टाकायचं आणि शर्ट वर शर्ट घालायचा. काम उद्या पण होतं.

ऑफिसात ज्या टेबलावर आम्हाला पाठवलं तिथल्या भाऊसाहेबांनी अर्ज कॉम्प्युटरवर काढला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, तृतीयपंथी म्हणजे ते टाळी वाजवणारे ना, तुम्ही तर मुलगी आहात. आवाज मोठा होता, बाकावरची लोकं बघायला लागली. माझ्या तोंडून शब्दच निघेना. ट्रान्स पुरुष ही गोष्ट लोकांनी ऐकलेलीच नसते, त्यांना तृतीयपंथी म्हटलं की साडीच दिसते. काकांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि म्हणाले, साहेब, कायद्यात दोन्ही येतात, जन्मावेळी मुलगी लिहिलेली पण येतात आणि मुलगा लिहिलेले पण. मग भाऊसाहेब म्हणाले ठीक आहे, पण सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट जोडा. काकांनी पिशवीतून २०२० च्या नियमांची प्रिंट काढली, मेडिकल किंवा शारीरिक तपासणी न करता अर्ज निकाली काढायचा ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवलेली होती, ती त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, उठले, आत साहेबांकडे गेले, बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, ही प्रिंट ठेवून जा, आमच्याकडे पण लागेल. हे ऐकून मला फार बरं वाटलं. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्या टेबलावर असा अर्ज आलेलाच नव्हता. पण मी एकटा असतो तर सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत जाऊन उभा राहिलो असतो, आणि तिथे मला काय काय विचारलं असतं ते मनात पण आणवत नाही.

म्हणून ज्यांना एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे त्यांनी ही ठेवा, सोबत कोणीतरी न्या. आईच पाहिजे, मित्रच पाहिजे असं नाही. ज्याला ऑफिसात बोलायची सवय आहे आणि ज्याचा आवाज चढत नाही असं कोणीही. काकांनी कधी स्वतःसाठी असा अर्ज केला नाही, करणार पण नाहीत, तरी ते माझ्यासाठी रजा टाकून आले. आणि निघताना लेखी विनंती अर्ज देऊन आवक शिक्का मारलेली पोच घेतली, हे पण त्यांचंच शिक्षण. तोंडी सांगितलेलं ऑफिसमध्ये कोणाला आठवत नाही.

जून गेला, जुलै गेला. पोर्टल उघडायचं, पेंडिंग बघायचं, बंद करायचं. या दिवसात मला झोप यायची नाही, जेवण कमी झालं. कामावर एकाने नवीनच बाई म्हणून हाक मारायला सुरुवात केली होती, मुद्दाम. मी टेलीमानसला १४४१६ वर फोन केला, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, मोफत, मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि रात्री पोर्टल न बघता आठवड्यातून एकदाच ठरलेल्या दिवशी बघा म्हणाल्या. ते मी पाळलं, सोमवार ठरवला. ज्यांना जवळ ग्रुप नाही त्यांनी हा नंबर लिहून ठेवा.

सप्टेंबर २०२३ च्या एका सोमवारी पोर्टलवर डाउनलोडचं बटण आलं. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दोन्ही. मी जिनिंगच्या ऑफिसमध्येच प्रिंट काढली, कोणाला दिसू नये म्हणून प्रिंटरजवळ उभा राहिलो, आणि कागद गरम गरम बाहेर आला त्यावर माझं नाव, खाली सरकारी सही. लिंगाच्या रकान्यात ट्रान्सजेंडर होतं. मी पुरुष आहे, मला तिथे पुरुषच पाहिजे होतं, त्यामुळे थोडं खटकलं, खोटं कशाला बोलू. पण नाव माझं होतं. गावी गेलो तेव्हा मायला दाखवलं, तिला वाचता येत नाही, तिने फोटोवर बोट ठेवलं. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांनी विचारलं काय आणलं शहरातून, तर माय म्हणाली, मना आंडोर शे हाऊ, सरकारनं लिही दिधं (हा माझा मुलगा आहे, सरकारने लिहून दिलंय). मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

पुढचं पटापट सांगतो कारण प्रमाणपत्र हातात आलं की बाकी कामं वेळ खातात पण माणसाला खात नाहीत. कायद्याने प्रमाणपत्रावरूनच नाव बदलायला पाहिजे, पण बँकवाले गॅझेट मागतात म्हणून ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात दिली, अर्ज ऑनलाइन, फी ऑनलाइन, सायबरवाल्याने त्याचे २०० वेगळे घेतले. छापून आल्यावर पीडीएफ डाउनलोड होते, ती पाच ठिकाणी जपून ठेवा. मग डिसेंबरमध्ये आधार, तेव्हा फी ५० रुपये होती. क्रम हाच ठेवा, प्रमाणपत्र, गॅझेट, आधार, मग पॅन, मग बँक, कारण प्रत्येक जण आधीचा कागद मागतो. पॅन जानेवारी २०२४ मध्ये झालं, १०७ रुपये लागले आणि कार्ड पोस्टाने आलं. बँकेत मार्च उजाडला, कारण त्यांच्या सिस्टीममध्ये नाव बदललं तरी नावामागचं 'कुमारी' जात नव्हतं, शेवटी मॅनेजर मॅडमनी वरून करून घेतलं. चेकबुक नवीन मागवावं लागलं.

आधार सेंटरला आवाज चढवून नाव पुकारतात, जुनं नाव. मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं की कृपया टोकन नंबरने बोलवा, ऑपरेटर मुलगा होता, त्याने मान हलवली आणि तसंच केलं. तोंडाने सांगायला जड जातं ते चिठ्ठीवर लिहून द्या, हे फार उपयोगी पडलं. आणि आधारचं अजून एक, नाव दोनदा बदलता येतं पण लिंग एकदाच, त्यानंतर त्यांच्या विभागीय कार्यालयाकडे अपवाद म्हणून अर्ज करावा लागतो. म्हणून मी डिसेंबरला फक्त नाव केलं आणि लिंगाचा रकाना तसाच ठेवला. ज्यांना पुढे सर्जरी करून 'पुरुष' किंवा 'स्त्री' करून घ्यायचंय त्यांनी हा विचार आधी करा. मी सहा महिने विचार केला. एकीकडे सर्जरीचे पैसे कधी जमतील माहीत नाही, दुसरीकडे आता हार्मोन सुरू झालेत (मानसोपचार तज्ज्ञांचं पत्र, मग एंडोक्रायनॉलॉजिस्ट, रक्ताच्या तपासण्या, सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मेडिकलवाल्याकडून परस्पर इंजेक्शन घेऊ नका), आवाज बदलला, मिशी फुटतेय, आणि कार्डावर 'स्त्री'. लॉजवाला, रेल्वेचा टीसी, सगळे कार्ड उलटसुलट करून बघतात. शेवटी जून २०२४ मध्ये ट्रान्सजेंडर करून घेतलं, परत ५० रुपये. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. आमच्या ताईंनी थांबायचं ठरवलं, त्यांचं पण बरोबरच आहे.

मधे मे मध्ये लोकसभेचं मतदान झालं. मतदार यादीतल्या दुरुस्तीचा फॉर्म ८ मी आधीच भरला होता, त्याला फी नाही, मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून होतं, आचारसंहिता लागायच्या आधी भरलं तर बरं. गावच्या शाळेत दोन रांगा, बायकांची आणि माणसांची. आत्तापर्यंत मी मायसोबत बायकांच्या रांगेत मान खाली घालून उभा राहायचो. या वेळेस माणसांच्या रांगेत गेलो. पुढे आबा होते, त्यांनी मागे बघितलं, सरकले आणि मला त्यांच्या पुढे घेतलं. यादीवाल्या मास्तरांनी माझं नाव मोठ्याने वाचलं, जसं सगळ्यांचं वाचतात तसं.

आता काकांसारख्या लोकांसाठी थोडं, कारण आमच्या ओळखीत तेच जास्त आहेत आणि त्यांना वाटतं हे सगळं वाचून की आपण पण काहीतरी कागद केला पाहिजे का. तुम्हाला साडी, ड्रेस, मेकअप आवडतो आणि बाकी आयुष्यात तुम्ही पुरुष म्हणून ठीक आहात तर कुठल्याच प्रमाणपत्राची गरज नाही. साडी नेसणं गुन्हा नाही. तुमचं काही बिघडलेलं नाही आणि त्यावर उपचार पण लागत नाहीत. ज्यांना हळूहळू कळतं की कपड्यांच्या पलीकडे काहीतरी आहे, त्यांनी सावकाश घ्या, आमच्या ताई चाळिशीपर्यंत स्वतःला क्रॉसड्रेसरच म्हणायच्या. कामाच्या गोष्टी सांगायच्या तर ब्लाऊज तयार घेऊ नका, खांद्यात बसत नाही, आपल्या मापाचा जुना शर्ट टेलरला द्या आणि बहिणीसाठी आहे, अंगाने थोराड आहे सांगा, किंवा ताईंसारखं कोणी ओळखीचं असेल तर सरळ माप द्या. दाढी गरम पाण्याच्या आंघोळीनंतर केली की पावडर खाली हिरवं दिसत नाही, वर आधी किंचित केशरी लिपस्टिक चोळून मग फाउंडेशन. पार्सल घरी नको असेल तर ऑफिसच्या पत्त्यावर मागवू नका, तिथे शिपाई उघडतो, कुरिअरच्या ऑफिसमधून स्वतः उचला.

आणि फोटो. चेहरा दिसेल असा फोटो अनोळखी माणसाला पाठवू नका, कितीही गोड बोलला तरी. आमच्या ओळखीतल्या एकाला डेटिंग अ‍ॅपवर भेटलेल्या माणसाने साडीतले फोटो बायकोला पाठवीन म्हणून महिनोन्‌महिने पैसे उकळले. तो जीव द्यायला निघाला होता. काकांनी त्याच्याकडून १९३० वर (सायबर गुन्ह्यांची सरकारी हेल्पलाइन) फोन करवला, ऑनलाइन तक्रार टाकली, चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, पैसे देणं त्याच दिवशी बंद केलं. त्यानंतर त्या माणसाचा फोन आलेला नाही. असं कोणासोबत होत असेल तर पैसे पाठवू नका, एकदा दिले की तो परत मागतो. चॅट डिलीट करू नका, ते पुरावे आहेत. आणि कोणाला तरी सांगा, बायकोला नाही तर आमच्यासारख्या कोणाला.

माझं अजून डिग्रीचं राहिलंय. दहावी-बारावीच्या मार्कशीट जुन्या नावाच्याच आहेत, सध्या नोकरीत त्यांच्यासोबत गॅझेटची झेरॉक्स जोडतो आणि चालतं. विद्यापीठात अर्ज दिलाय, गॅझेट, प्रमाणपत्र, आधार आणि मूळ डिग्री घेऊन या म्हणालेत, पुढच्या आठवड्यात काका आणि मी जाणार आहोत. पीएफच्या खात्यात पण नाव बदलायचंय, त्याला मालकाची सही मागितलीय आणि आमचे शेठ तीर्थयात्रेला गेलेत, ते आले की तेही करून टाकीन. प्रतिज्ञापत्राचा टाइप केलेला नमुना आणि नियमांची तशीच पिवळी रेघ मारलेली दुसरी प्रिंट माझ्याकडे आहे, कोणाला पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो, आणि खान्देशातल्या कुठल्या ऑफिसात सोबत यायचं असेल आणि वार रविवार सोडून असेल तर तेही जमवू.